जिने आधीच तक्रार केली होती: इंदूरच्या एका शाळेतलं प्रकरण

सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात इंदूरमधल्या एका सीबीएसई शाळेत दहावीतल्या मुलाची आई प्राचार्यांकडे आली. तिच्या हातात इन्स्टाग्रामवरच्या गप्पांचे स्क्रीनशॉट होते. नववीतली एक मुलगी आपल्या मुलाच्या मागे लागली आहे, त्याचा अभ्यास बिघडवते आहे, असं तिचं म्हणणं. खात्यावर मुलीचं नाव होतं, फोटोही तिचाच होता. शाळेने मुलीच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि मुलीला तीन दिवस घरी बसवलं. ते खातं मुलीचं नव्हतं. ही गोष्ट सिद्ध व्हायला ऑक्टोबर उजाडला, आणि ती तशी सांगितली जायला त्याहून वेळ लागला.

मी त्या शाळेत समुपदेशक आहे. मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत.

घर आणि फोन

इंदुरात मराठी घरं रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशी जागोजागी आहेत. हे कुटुंब अशाच एका वस्तीतलं. वडील पीथमपूरच्या कारखान्यात, पाळीची नोकरी. आई एका पतसंस्थेत. घरात आजी. थोरला भाऊ इंजिनिअरिंगला पुण्यात. मुलीकडचा फोन या भावाचाच जुना. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा ती पाचवीत होती. तेव्हा हातात आलेला फोन मग तिच्याकडेच राहिला, कारण वर्ग पुन्हा शाळेत भरू लागले तरी गृहपाठ व्हॉट्सॲपवरच येत राहिला. घरातल्या कोणीही मुद्दाम बसून ‘हिला फोन द्यायचा’ असं ठरवलं नव्हतं. बहुतेक घरांत असंच झालं आहे आणि शाळांचाही त्यात वाटा आहे, हे पालकांशी बोलताना आम्ही शिक्षक सहसा कबूल करत नाही.

इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान १३ वर्षांची अट आहे. हिने बाराव्या वर्षी उघडलं, भावाचं जन्मवर्ष टाकून. म्हणजे इन्स्टाग्रामच्या लेखी ती विशीतली बाई होती. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात अल्पवयीनांसाठी ‘टीन अकाउंट’ आलं. त्यात खातं आपोआप खासगी होतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही आणि १६ च्या आतल्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. सोय चांगली आहे, पण ती जन्मतारखेवर उभी आहे. भावाचं वर्ष टाकलेल्या मुलीपर्यंत ती कशी पोचणार? तारीख खोटी आहे हे आईला माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं, त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी काय झालं

शाळेतून परतताना वडील एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी फोन मागून घेतला, मुलीला समोर बसवून तिच्याच हातून इन्स्टाग्रामचं खातं काढून टाकायला लावलं, व्हॉट्सॲपवरच्या मैत्रिणींशी झालेल्या सगळ्या गप्पा पुसल्या आणि फोन कपाटात कुलपात ठेवला. दुसऱ्या दिवशी बटणांचा साधा फोन आणला. मुलगी सांगत होती, ‘बाबा, ते माझं नाही.’ आई म्हणाली, ‘फोटो तुझा, नाव तुझं, मग तुझं नाही कसं?’

मला वडिलांवर राग धरवत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला प्राचार्यांच्या खोलीत, एका परक्या बाईसमोर, ‘अपनी बेटी को सँभालिए’ असं ऐकून घ्यावं लागलं होतं. वस्तीत चार घरं सोडून मावशी राहते, पलीकडे वहिनींचं माहेर आहे. अशा ठिकाणी गोष्ट दुपारी घडली की संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी असते. त्यांना ती गोष्ट पुसून टाकायची होती, आणि हाताशी पुसता येण्यासारखा होता तो फोन. पण खातं खोटं आहे हे दाखवून देणारा जो काही पुरावा होता, तोही त्याच फोनमध्ये होता.

शाळेने केलं ते याहून वाईट होतं असं माझं स्पष्ट मत आहे. घाबरलेल्या बापाकडून चौकशीची अपेक्षा करता येत नाही. शाळेकडून करायलाच हवी. खातं कोणाचं, ते कधी उघडलं, त्याचं नाव मुलीच्या खात्याच्या नावाशी जुळतं का, यातलं काहीही विचारलं गेलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ‘सोशल मीडियाचा गैरवापर करणाऱ्या विद्यार्थिनी’ असा उल्लेख झाला. विद्यार्थिनी, स्त्रीलिंगी. नववीच्या रांगेत त्या दिवशी एकच जागा रिकामी होती.

त्या तीन दिवसांत अर्धवार्षिक परीक्षेची उजळणी चालू होती. वर्गशिक्षिकेने न सांगता एक काम केलं: रोजचा अभ्यास आईच्या नंबरवर पाठवला आणि खाली दर वेळी लिहिलं, ‘वर्गात तुझी वाट बघतोय.’ मुलीने पुढे मला दाखवलेल्या गोष्टींत हे तीन मेसेज होते. आईने ते जपून ठेवले होते.

कागद आणि पेन्सिल

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिने ठरवलेलंच होतं की काही बोलायचं नाही. ‘काय झालं ते सांग’ म्हटलं की मुलं कबुलीजबाबाच्या तयारीनेच बसतात. म्हणून मी तिला सांगितलं, मला इन्स्टाग्राम नीट कळत नाही, हे असं खातं चालतं कसं ते समजावून दे. हे खरंही होतं. तिने माझ्याकडून कागद घेतला.

त्या कागदावर तिने जे काढलं ते मी अजून कपाटात ठेवलं आहे. वर दोन चौकोन: एकात तिच्या खात्याचं नाव, दुसऱ्यात खोट्याचं. फरक एका अधोरेषेचा, म्हणजे अंडरस्कोरचा. खोट्या नावात शेवटी एक जास्त. खाली तारखा. कुठल्या दिवशी तिच्या मैत्रिणीने ‘हे नवीन खातं तुझं का?’ म्हणून विचारलं, कुठल्या दिवशी तिने त्या खात्याला मेसेज केला, कुठल्या दिवशी इन्स्टाग्रामकडे तक्रार केली. तक्रार १९ सप्टेंबरची होती, म्हणजे प्राचार्यांकडे स्क्रीनशॉट यायच्या आधीची.

मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘मॅडम, गेल्या वर्षी माझ्या आतेबहिणीला कुणीतरी घाण मेसेज पाठवला होता. तिने सांगितलं. तिचा फोन गेला.’

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे वाक्य. मुलीला धोका कळत होता, त्यावरचा उपायही तिने स्वतःच केला होता. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना एखादं खातं ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ठाऊक होतं. ही खेड्यांतली मुलं. आमच्या मुलीला दोन्ही येत होतं. येत नव्हतं ते एकच, मोठ्यांना सांगणं, आणि सांगितल्यावर काय होतं ते बहिणीच्या अनुभवातून ती शिकली होती. जिने सांगितलं तिचाच फोन गेला, आणि मेसेज पाठवणाऱ्याचं काय झालं हे तिला आठवतही नव्हतं.

तीस दिवस

बोलता बोलता ती म्हणाली, ‘खातं अजून गेलेलं नसेल. तीस दिवस असतात.’

इन्स्टाग्रामवर खातं काढून टाकायची विनंती केली की ते लगेच नाहीसं होत नाही. ते ३० दिवस लोकांना दिसत नाही, पण जागेवर असतं. या मुदतीत पुन्हा लॉगिन केलं की विनंती रद्द करता येते आणि सगळं परत येतं. हे वडिलांना माहीत नव्हतं, प्राचार्यांना माहीत नव्हतं, मलाही तिच्याकडूनच कळलं.

मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, तो विषय संपलाय आमच्या घरात.’ मी म्हटलं, तुमच्या मुलीने काही केलेलं नाही हे दाखवणारी वस्तू त्या कपाटात आहे आणि तिची मुदत संपत चालली आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. दुसऱ्या दिवशी ते पाळी बदलून घेऊन आले, खिशात फोन.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाच जण: प्राचार्य, वर्गशिक्षिका, आई, वडील, मी. मुलगी मध्ये बसली. पासवर्ड तिला पाठ होता. खातं उघडलं. तिने आधी मेसेज दाखवला, खोट्या खात्याला पाठवलेला: ‘तू जो कोणी आहेस, माझा फोटो काढून टाक. मी रिपोर्ट केलंय.’ मग सेटिंगमध्ये जाऊन आपण केलेल्या तक्रारींची यादी उघडली. १९ सप्टेंबरची नोंद तिथे होती. खाली कंपनीचं उत्तरही होतं: नियमभंग आढळला नाही. तिने कारणाच्या यादीतून ‘स्पॅम’ निवडलं होतं. ‘दुसऱ्याच्या नावाने खातं चालवणं’ हा पर्याय वेगळा असतो आणि त्याची छाननी वेगळी होते.

वडिलांनी फोन हातात घेतला आणि तारीख दोनदा वाचली. मग त्यांनी मुलीला विचारलं, ‘एकोणीसला तू हे केलंस, आणि आम्हाला त्या खात्याचं पंचवीसला शाळेतून कळतंय?’ त्या आवाजात आता राग नव्हता. ती म्हणाली, ‘हो बाबा.’

वर्गशिक्षिकेने तिथेच सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले: खात्याचं पूर्ण नाव, प्रोफाइलची लिंक, तारखा. ज्या मैत्रिणीने आधी विचारलं होतं तिच्या फोनमध्ये खोट्या खात्याची चित्रं होती, तीही घेतली. त्याच दिवशी आईने मुलीची पालक म्हणून, ओळखपत्र जोडून, तोतयेगिरीची तक्रार नव्याने केली. काही दिवसांत खातं बंद झालं.

फोटो कुठून आला

वडिलांची खात्री होती की वर्गातल्या कुणीतरी मुलीच्या खात्यावरून फोटो चोरला. मुलीच्या खात्यावर तो फोटो नव्हताच. गौरीपूजनाच्या दिवशी तिने नऊवारी नेसली होती, मागे मखर, दाराला तोरण. खोट्या खात्यावरच्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं, अर्धं कापलेलं दिसत होतं. आई त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘हे माझं स्टिकर आहे.’ तिने तो फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला होता आणि कोपऱ्यात कमळावरच्या लक्ष्मीचं स्टिकर लावलं होतं. फोटो कापताना ते पूर्ण निघालं नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. स्टेटस फक्त आईच्या नंबरांतल्या लोकांना दिसत होतं: नातेवाईक, पतसंस्थेतल्या बायका, वस्तीतली घरं. नववी-दहावीतल्या मुलांकडे तिचा नंबर असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे फोटो बाहेरच्या जगातून उचलला गेला नव्हता, ओळखीच्या कुणाच्या तरी फोनमधून गेला होता.

आईने यानंतर जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटलं. तिने वस्तीतल्या बायकांच्या ग्रुपवर कुणावरही संशय न घेता चार ओळी टाकल्या: माझ्या स्टेटसवरचा मुलीचा फोटो वापरून कुणीतरी खोटं खातं काढलं, खातं बंद झालंय, आपापल्या मुलांशी एकदा बोला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू आपल्या मुलाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. मुलगा आठवीत, आमच्याच शाळेत.

त्याने स्वतःच्या आईच्या फोनवरून फोटो घेतला होता. सुरुवातीला नुसतं गंमत म्हणून खातं काढलं. मग वरच्या वर्गातली मुलं, जी त्याला मैदानात उभंही करत नसत, त्या खात्याला ‘हाय’ म्हणू लागली, भेटायला बोलावू लागली, आणखी फोटो मागू लागली. त्याला ते थांबवता आलं नाही. तो माझ्यासमोर बसला तेव्हा थरथरत होता आणि एकच विचारत होता, पोलीस येणार का?

हा प्रश्न गंभीरपणे घ्यायलाच हवा होता. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. करणारा १८ च्या आतला असेल तर विषय २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली जातो. अशा सौम्य गटातल्या गुन्ह्यात मुलावर एफआयआर न करता पोलीस रोजनाम्यात नोंद आणि कुटुंबाच्या पार्श्वभूमीचा अहवाल, अशी नियमांची रीत आहे. त्याचं नाव छापायलाही बंदी आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते आणि मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. हे सगळं मी दोन्ही कुटुंबांना सांगितलं. मुलीला मी पहिल्याच भेटीत हेही सांगितलं होतं की मेसेजांत लैंगिक स्वरूपाचं काही निघालं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं मला बंधनकारक आहे, तिथे तिचा किंवा माझा निर्णय चालणार नाही. मेसेज मी एकेक करून वाचले. तसं काही नव्हतं.

मुलीने काय मागितलं

वडिलांना आता पोलिसांत जायचं होतं. मग मुलगा शेजारचा निघाला आणि ते एकदम गप्प झाले. मी म्हटलं, ज्या मुलीचं नाव वापरलं तिला विचारू या. ती दोन दिवस विचार करून आली. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. त्या मुलाने तिच्या घरी येऊन तिच्यासमोर सांगावं. ज्या प्रार्थनेत तिच्याबद्दल बोललं गेलं त्याच प्रार्थनेत शाळेने सांगावं की ते खातं तिचं नव्हतं. आणि तिचा फोन.

पहिली गोष्ट लगेच झाली. मुलगा आईबरोबर आला, बोलला, रडला. मुलीने त्याला ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, नुसतं ‘ऐकलं’ म्हटलं. तिच्या आजीला ते आवडलं नाही, पण कुणी तिला माफ करायची सक्ती केली नाही याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या गोष्टीवर शाळा अडून बसली. ‘फिर से चर्चा होगी, बात ठंडी हो गई है।’ ज्या दिवशी बदनामी झाली त्या दिवशी चर्चेची भीती नव्हती, आणि निर्दोष ठरल्यावर ती कशी आली, हे मी प्राचार्यांना सरळ विचारलं. वर्गशिक्षिकाही माझ्याबरोबर आल्या. त्यांनी सांगितलं की नववीतल्या मुली आजही डब्याच्या वेळी तिच्याशेजारी बसत नाहीत. अखेर दसऱ्याच्या सुट्टीनंतर प्राचार्यांनी प्रार्थनेत सांगितलं: एका विद्यार्थिनीच्या नावाने दुसऱ्याने खातं काढलं होतं, तिने स्वतः आधीच तक्रार केली होती, शाळेने तिला घरी पाठवायला नको होतं. दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी डब्याच्या वेळी दोन मुली तिच्या बाकावर आल्या.

फोनला सगळ्यात जास्त वेळ लागला. वडील म्हणायचे, ‘ती चुकली नाही हे मान्य, पण बाहेरचं जग तेच आहे ना.’ त्यांची भीती खोटी नव्हती आणि तिला उत्तर देणं माझं काम होतं. आम्ही दिवाळीपर्यंत वाट पाहिली. भाऊ पुण्याहून आला तेव्हा चौघांनी बसून जन्मतारीख खरी केली, खातं खासगी केलं, मेसेज कोण करू शकेल ते ठरवलं. रात्री फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, वडिलांचाही. मुलीने यात स्वतःची एक अट घातली आणि वडिलांनी ती मान्य केली: मी काही सांगायला आले तर त्या दिवशी फोन मागायचा नाही. आईने आपल्या स्टेटसची यादी छाटली आणि मुलीचा फोटो टाकण्याआधी तिला विचारायचं कबूल केलं. एकदा ती विसरली. मुलीने आठवण दिली आणि आईने फोटो काढून टाकला.

राहिलेलं

खोट्या खात्यावर फोटो मागणारी, भेटायला बोलावणारी मुलं दहावी-अकरावीतली होती. तक्रार घेऊन आलेल्या आईचा मुलगा त्यांतलाच एक. त्याचे स्वतःचे मेसेज तिने आणलेल्या स्क्रीनशॉटांतून कापलेले होते. मुलगी दोषी वाटत होती तेव्हा शाळेने तिला एका दिवसात घरी पाठवलं. या मुलांच्या पालकांना बोलावण्यासाठी मला लेखी मागणी करावी लागली. त्यांतल्या दोघांचे पालक आले आणि नीट बोलले. तक्रार करणारी आई आली नाही. तिचं म्हणणं, मुलगे असं बोलतातच.

आठवीतला मुलगा अजून माझ्याकडे येतो. त्याला शाळेतून काढावं असा आग्रह काही पालकांनी धरला होता, मी त्याला विरोध केला आणि मुलीनेही तशी मागणी केली नाही. त्याला आता मैदानात खेळायला घेतात की नाही, हे मी त्याच्या वर्गशिक्षकांना अधूनमधून विचारते.

शाळेचा गृहपाठ अजून व्हॉट्सॲपवरच येतो. संध्याकाळी ७ नंतर पाठवायचा नाही एवढं शिक्षकांनी आपसांत ठरवलं आहे. चौकशी होईपर्यंत कोणत्याही मुलाला किंवा मुलीला घरी बसवायचं नाही आणि प्रार्थनेत उल्लेख करायचा नाही, हा नियम मी लिहून दिला आहे. तो व्यवस्थापनाच्या बैठकीपुढे आहे, मंजूर झालेला नाही.